चेहऱ्याला लेप लावा, पण गोरेपणासाठी नको

लग्नसराई जवळ आली की वस्तीतल्या मुलींचे दोन प्रश्न हमखास कानावर येतात. ताई, चेहऱ्याला काय लावू? आणि लावल्यावर रंग उजळेल ना? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे आणि ते फार स्वस्त आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते आधीच सांगून टाकलेले बरे, कारण त्या एका आशेपायी आपल्या मुली चेहऱ्यांचे वाटोळे करून घेत आहेत.

भगिनींनो, थोडे शास्त्र समजून घ्या. कातडीला रंग देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. ते तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात जवळजवळ सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात यात, आणि हे आईबापाकडून आलेले असते. हे मेलॅनिन उन्हापासून कातडीचे रक्षण करते, म्हणजे ते दुखणे नव्हे. या पेशी कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी बसलेल्या असतात. डाळीचे पीठ, माती, दही हे सगळे वरच्या वर राहते. मग ते रंग बदलणार कसे?

तरीही लेप धुतल्यावर चेहरा तरतरीत दिसतो, हे खरे आहे. दिवसभराचे तेल, धूळ आणि कातडीवरचा मेलेला थर निघून जातो म्हणून तसे दिसते. आपल्या बाया भाजीच्या गाडीवर, बांधकामावर, झाडलोटीच्या कामावर, कारखान्याच्या गरम शेडमध्ये दिवस काढतात. त्यांच्या चेहऱ्याला आठवड्यातून एक-दोनदा अशी स्वच्छता मिळाली तर बरेच वाटते. ‘आम्हाला कुठली आलीय नटण्याची हौस’ असे म्हणून हसण्यावारी नेऊ नका. स्वतःसाठी पंधरा मिनिटे बसण्याचा हक्क कष्टकरी बाईलाही आहे.

आता हिशेब. मी कारकून बाई, हिशेबाशिवाय मला चैन पडत नाही. मसुराची डाळ किलोला १०० रुपयांच्या आसपास धरा. चमचाभर पीठ म्हणजे आठ-दहा ग्रॅम, म्हणजेच रुपयाचा खर्च. मुलतानी मातीची लहान पुडी किराणा दुकानात मिळते आणि ती महिनोन्‌महिने पुरते. उलट पाकिटातला तयार ओला कागदी मास्क एकदा तोंडावर ठेवला की कचऱ्यात जातो.

सर्वात सोयीचा मार्ग म्हणजे कोरडे मिश्रण करून ठेवणे. मसुराची डाळ कोरड्या फडक्याने पुसून मिक्सरमध्ये बारीक दळा आणि चाळून घ्या. चार चमचे पीठ, दोन चमचे मुलतानी माती आणि अर्धा चमचा आंबेहळद एकत्र करून कोरड्या बरणीत भरा. ओला चमचा घालू नका, नाहीतर जाळी धरेल. लागेल तेव्हा चमचाभर वाटीत घ्यायचे. चेहरा तेलकट असेल तर ताकात किंवा गुलाबपाण्यात कालवा. कोरडा असेल तर दह्यात किंवा सायीत कालवा, आणि अशा चेहऱ्याला माती नसली तरी चालते, नुसते पीठ पुरे. दह्यातले लॅक्टिक आम्ल मेलेला थर हळुवार सैल करते, म्हणून दही उपयोगी. कालवलेले उरले तर उद्यासाठी ठेवू नका, त्यात जंतू वाढतात. म्हणून मुळातच थोडे कालवावे.

हळदीबद्दल एक सूचना. स्वयंपाकाची हळद चिमूटभरच घ्या, जास्त झाली तर चेहरा दोन दिवस पिवळा दिसतो आणि कामावर सगळे विचारत बसतात. सुटी, डोळ्यात भरेल इतकी पिवळीधमक हळद चेहऱ्याला लावूच नये, भेसळीत विषारी रंग वापरल्याची उदाहरणे आहेत. चंदन पावडर नावाच्या स्वस्त पुड्यांवरही माझा विश्वास नाही. खरे चंदन इतके स्वस्त मिळत नाही.

नवी कुठलीही वस्तू प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावून पाहा आणि एक दिवस थांबा. खाज, लाली, पुरळ आले नाही तरच चेहऱ्याला लावा. घरची म्हणजे निरुपद्रवी, असे धरून चालू नका.

लावण्याची पद्धत सगळ्यांना येते असे आपण समजतो, पण खरी अडचण तिथेच असते. बोटांनी थापलेला लेप कुठे जाड, कुठे पातळ बसतो, नखात भरतो आणि ब्लाउजवर सांडतो. त्याऐवजी चित्र रंगवायचा चपटा, मऊ केसांचा नवा ब्रश स्टेशनरीच्या दुकानातून आणा आणि तो फक्त याच कामाला ठेवा. ब्रशने पातळ, सारखा थर बसतो आणि सामानही निम्मे लागते. आधी चेहरा साध्या पाण्याने धुवा आणि ओलसर असतानाच लावा. जुन्या साडीची पट्टी केसांना बांधा. डोळ्यांभोवतीची जागा आणि ओठ सोडा, पण मान विसरू नका. घरात मुलीला पुटकुळ्या असतील तर तिचा ब्रश वेगळा ठेवा. वापरून झाल्यावर तो धुऊन उभा वाळवा.

दहा ते पंधरा मिनिटे पुरतात. माती पार सुकून भेगा पडेपर्यंत बसू नका. ती चेहरा ओढते तेव्हा ‘काम करते आहे’ असे वाटते, पण तेव्हा ती कातडीतला ओलावा शोषत असते. कडेने सुकू लागली आणि मधे दमट आहे, तेव्हाच काढावी. चुलीपुढे किंवा गॅससमोर उभे राहून लेप वाळवू नका, उष्णतेने तो लवकर तडकतो. त्यापेक्षा मुलांचा अभ्यास घेताना लावावा. बोलता येत नसल्याने ओरडाही कमी होतो!

काढताना पाण्याचा विचार करा. नळ तासभर येणाऱ्या वस्तीत लेप धुण्यासाठी बादली ओतणे परवडत नाही. आधी ओल्या फडक्याने तीन-चार वेळा हलके टिपून पुसा, मग एका तांब्यात चेहरा स्वच्छ होतो. मातीचे फडके मोरीत पिळू नका. मुलतानी माती पाइपात साचते, आणि चाळीची मोरी तुंबली की भांडण ठरलेले. फडके कुंडीत किंवा अंगणात झटका आणि मगच धुवा. नंतर चेहरा ओलसर असताना खोबरेल तेलाचे दोन थेंब लावा, पण पुटकुळ्या असतील तर तेल लावू नका.

ज्यांना एवढाही व्याप नको, त्यांच्यासाठी कापडाचा मास्क. मऊ, धुतलेल्या जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा चेहऱ्याएवढा तुकडा घ्या आणि डोळे, नाक, तोंडाच्या जागी भोके कापा. तो किसलेल्या काकडीच्या रसात, पाणी घातलेल्या थंड दुधात किंवा साखर-दुधाविना केलेल्या चहाच्या गार पाण्यात बुडवून हलका पिळून चेहऱ्यावर पसरा. ठिबकत नाही, पाठ टेकून पडता येते आणि धुऊन पुन्हा वापरता येतो. फ्रीज नसेल तर भांडे माठाजवळ ओल्या कपड्यात गुंडाळून ठेवा. उन्हातून आलेल्या चेहऱ्याला यासारखे सुख नाही. कोरफड लावायची तर पान कापून थोडा वेळ उभे ठेवा, पिवळा रस निथळू द्या आणि धुऊन मगच आतला गर घ्या. त्या पिवळ्या रसाने कित्येकांना खाज सुटते.

आणि तिसरी सोय म्हणजे पुरचुंडी. मलमलीच्या कापडात दोन चमचे पीठ बांधून आंघोळीच्या वेळी ओली करून चेहऱ्यावर हलकी फिरवायची. शाळकरी मुलींना हे सर्वात सोपे पडते.

आता जे लावू नये, ते सांगते. लिंबाचा रस थेट चेहऱ्यावर नको. आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते, पण लिंबू तिच्या कितीतरी पट जास्त आम्ल आहे, आणि तो लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे डाग उठू शकतात. खायच्या सोड्याचा उलटा दोष, तो कातडीचे नैसर्गिक संरक्षणच मोडतो. टूथपेस्ट, साखरेने खसाखसा घासणे, अक्रोडाच्या टरफलाचा भरड भुगा हे सगळे बंद. पुटकुळ्यांवर काहीही घासू नये. आणि वांगाचे डाग कुठल्याही लेपाने जात नाहीत. त्यांना उन्हापासून आडोसा, म्हणजे डोक्यावर रुंद काठाची टोपी, छत्री किंवा पदर आणि डॉक्टरांचा सल्ला लागतो.

आता मूळ दुखण्याकडे येते. गोरेपणाची क्रीम या देशात १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ नावाने बाजारात आली आणि २०२० मध्ये त्या नावातला गोरेपणा काढून ‘ग्लो’ आला. नाव बदलले, आपल्या मनातला रकाना मात्र बदलला नाही. वधू-वर मेळाव्याच्या कितीतरी अर्जांत अजून ‘वर्ण’ असा रकाना असतो आणि त्यात बाप ‘निमगोरा’ लिहितो, कारण ‘सावळा’ लिहायला त्याचा हात धजत नाही. रंगावरून आणि जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याची रीत आपल्याला काय करून गेली, हे आपण जाणतो. मग आपल्याच मेळाव्यात तो रकाना कशासाठी? आमच्या भागात आम्ही तो अर्जातून काढायला लावला. दोन-तीन जण रागावले, पण मेळावा नीट झाला.

हा रकाना मुलीला कुठे नेतो, ते पाहा. मैत्रीण सांगते, अमुक ट्यूब लाव, आठ दिवसांत फरक. फरक पडतोही, कारण त्यात स्टिरॉइड असते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर बारीक अक्षरांत असतात, ती वाचायला शिका. हे औषध योग्य रोगावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चांगले आहे. रंगासाठी महिनोन्‌महिने चोळले की कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, गालावर केस वाढतात, पुटकुळ्या येतात, ऊन सोसत नाही. लावणे थांबवले तर आग आणखी भडकते, म्हणून मुलगी पुन्हा तीच ट्यूब आणते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली. तरी ती सहज मिळतात, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे.

दुसरा धोका पाऱ्याचा. नाव-पत्ता नसलेल्या, कुठून आल्या ते न कळणाऱ्या डब्यांतून तो येतो. पारा मेलॅनिन बनणे रोखतो म्हणून रंग उतरल्यासारखा दिसतो, पण तो कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडावर घाला घालतो. २०२३ मध्ये केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात आणि आपल्या अकोल्यात अशा मलमांमुळे मूत्रपिंडे बिघडल्याची प्रकरणे पुढे आली. पायावर सूज आणि लघवीला फेस येत असेल, आणि असले मलम लावणे चालू असेल, तर डॉक्टरांना ते जरूर सांगा. ते आपणहून मलमाबद्दल विचारतीलच असे नाही.

तुमच्या घरातल्या मुलीचा चेहरा अशा ट्यूबमुळे लाल, चुरचुरता झाला असेल, तर वर सांगितलेला एकही लेप तिला लावू नका. माती आणि दही दोन्ही झोंबतील. तिला रागावू नका. रागावलात तर ती पुढची ट्यूब लपवून लावेल. साध्या पाण्याने तोंड धुऊ द्या आणि रिकामी का होईना, ती ट्यूब पिशवीत घालून तिला जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात घेऊन जा. ट्यूब दाखवली की डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते. बरे व्हायला काही महिने लागतात, तेवढे लागू द्यावेत, आणि तोवर आरशासमोर तिला कुणी काही बोलणार नाही एवढी काळजी घरातल्या थोरल्यांनी घ्यावी.