पंचविशीतला वकालतनामा

वकालतनामा कधी नीट पाहिला आहे? कोर्टाच्या आवारात, टायपिंगवाल्यांच्या टेबलांजवळ हा छापील कागद मिळतो. वर कोर्टाचं नाव आणि दाव्याचा नंबर भरायला जागा, मधे बारीक अक्षरांतला मजकूर, खाली अशिलाची सही, वकिलाने तो स्वीकारल्याची सही आणि कोर्ट फीचं तिकीट. पण या एवढ्याशा कागदात ताकद केवढी! सही झाली की एका माणसाचा आवाज दुसऱ्याच्या स्वाधीन होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे हा अधिकार त्या कामाचा शेवट होईपर्यंत टिकतो. मधेच काढून घ्यायचा किंवा सोडायचा, तर कोर्टाची परवानगी लागते. नाहीतर तो मृत्यूनेच संपतो.

‘वकील’ हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ आहे प्रतिनिधी. पेशवाईतला वकील परक्या दरबारात उभा राहत असे. हिंगणे घराण्यातली माणसं दिल्लीत पेशव्यांचे वकील होती, म्हणजे आजच्या भाषेत राजदूतच. कोर्टात अशिलासाठी बोलणारा, सभागृहात मतदारांसाठी बोलणारा आणि परक्या दरबारात आपल्या राज्यासाठी बोलणारा, या तिघांचं काम मुळात एकच आहे.

सुषमा स्वराज यांच्या आयुष्यात हे तिन्ही अर्थ एकापाठोपाठ एक उतरले. मला थक्क करते ती त्यांची सुरुवात, १९७३ ते १९७९ ही सहा वर्षं.

अंबाला छावणी हे त्यांचं गाव, जन्म १४ फेब्रुवारी १९५२चा. वडील हरदेव शर्मा संघाचे स्वयंसेवक. अंबाल्याच्या सनातन धर्म कॉलेजात त्या संस्कृत आणि राज्यशास्त्र शिकल्या, कायद्याची पदवी त्यांनी चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातून घेतली. १९७३मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी सर्वोच्च न्यायालयात वकिली सुरू केली. दोन वर्षांनी २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. त्यानंतर अठराव्या दिवशी, १३ जुलैला, त्यांचं स्वराज कौशल यांच्याशी लग्न झालं. तेही वकीलच. पुढे १९९०मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी ते मिझोरामचे राज्यपाल झाले.

त्या काळात तरुण वकिलाच्या हातात काय उरलं होतं, हे समजून घ्यायला हवं. सरकारने माणसाला उचलून नेलं तर त्याला कोर्टापुढे आणून अटकेचं कारण विचारायला लावायचं, हे वकिलाचं सगळ्यात जुनं हत्यार. त्याला ‘हेबिअस कॉर्पस’ म्हणतात. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की, आणीबाणीत राष्ट्रपतींचा आदेश लागू असताना अशा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्या. हंसराज खन्ना एकटेच विरोधात राहिले. बहुमतात होते पुण्याचे न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड. एकेचाळीस वर्षांनी, २०१७ साली, त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी खासगीपणाच्या हक्काचा निकाल लिहिताना तो जुना निकाल चुकीचा ठरवला. दार बंद झालं की कधीकधी ते उघडायला एक पिढी लागते.

पण १९७६मध्ये ते बंद होतं, आणि तेव्हाच जॉर्ज फर्नांडिस यांना कोलकात्यात अटक झाली. हे जॉर्ज आपल्याला परके नव्हेत. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे आणि महापालिका कामगारांचे ते नेते, १९६७मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या मातब्बराला हरवणारे. आणीबाणीला विरोध म्हणून स्फोट घडवण्यासाठी डायनामाइट जमवल्याचा आरोप त्यांच्यावर आणि इतर चोवीस जणांवर होता. हाच ‘बडोदा डायनामाइट खटला’. दिल्लीच्या तीस हजारी कोर्टात त्यांना बेड्या घालून आणलं जाई. बेडीतला हात उंचावलेला त्यांचा फोटो त्या काळाची खूण होऊन राहिला आहे. त्यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत हे नवविवाहित जोडपं होतं. सरकार सर्वशक्तिमान असताना सरकारच्या सगळ्यात मोठ्या आरोपीचा वकालतनामा घ्यायचा, तोही कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी! अनुभवी माणसंही ज्या वेळी गप्प बसत होती, त्या वेळी हे घडत होतं.

मग हा खटला वेगळ्याच न्यायालयात गेला. जानेवारी १९७७मध्ये लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि तुरुंगातले जॉर्ज बिहारमधल्या मुझफ्फरपूरमधून उभे राहिले. उमेदवार गजाआड, म्हणून त्यांच्या वतीने बोलायला सुषमाजी तिथे गेल्या. कोर्टातला वकालतनामा सभेच्या मैदानात आला तो असा. जॉर्ज तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. नव्या जनता सरकारने खटला मागे घेतला.

आता कॅलेंडरकडे पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७३प्रमाणे विधानसभेसाठी उमेदवाराचं वय किमान पंचवीस हवं. सुषमाजींनी पंचविशी पूर्ण केली १४ फेब्रुवारी १९७७ला. ३० एप्रिलला केंद्राने हरियाणासह नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या आणि जूनमध्ये मतदान झालं. म्हणजे त्या उभं राहायला पात्र होऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. हीच निवडणूक त्या वर्षीच्या जानेवारीत झाली असती, तर त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता. जनता पक्षाने नव्वदपैकी पंचाहत्तर जागा जिंकल्या, अंबाला छावणीची जागा सुषमाजींनी. देवीलाल मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या मंत्रिमंडळात पंचवीस वर्षांची ही वकील कामगार खात्याची मंत्री झाली. काही महिन्यांपूर्वी देशातल्या सगळ्यात लढाऊ कामगार नेत्याची बाजू मांडणारी बाई आता कामगारांच्याच फायलींवर सह्या करत होती. १९७९मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्या पक्षाच्या हरियाणा शाखेच्या अध्यक्ष झाल्या.

इतक्या लवकर वर गेलेला माणूस खाली येतो तेव्हा त्याची खरी परीक्षा होते. कर्नालमधून त्या लोकसभेला तीनदा उभ्या राहिल्या, १९८०, १९८४ आणि १९८९मध्ये, आणि तिन्ही वेळा हरल्या. पण एका कामात निकाल विरुद्ध गेला म्हणून वकील कोट खुंटीला टांगत नाही. तो दुसऱ्या दिवशी नव्या कामाची तारीख घेतो. लोकसभा त्यांना १९९६मध्ये दक्षिण दिल्लीने दिली. दिल्लीचं मुख्यमंत्रिपद, लोकसभेतलं विरोधी पक्षनेतेपद ही सगळी वाटचाल त्यानंतरची.

२०१४मध्ये त्या परराष्ट्रमंत्री झाल्या आणि शब्दाचा जुना, पेशवाईतला अर्थ पूर्ण झाला. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने माजी नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना फाशीची शिक्षा सुनावली, तेव्हा मे २०१७मध्ये भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. बाजू मांडली नागपूरच्या मातीतले हरीश साळवे यांनी, एक रुपया फी घेऊन. १७ जुलै २०१९ला पंधरा विरुद्ध एक मतांनी निकाल आला की, जाधवांना भारतीय वकिलातीशी संपर्क करू न देऊन पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला आहे. वकिलात! आपल्या भाषेने तो जुना अर्थ या शब्दात अजून जपून ठेवला आहे.

६ ऑगस्टच्या रात्री साळवे यांचं सुषमाजींशी फोनवर बोलणं झालं. उद्या या आणि तुमचा एक रुपया घेऊन जा, असं त्या म्हणाल्या. त्याच रात्री त्या गेल्या. सप्टेंबरमध्ये त्यांची मुलगी बांसुरी हिने तो रुपया साळवेंच्या हातावर ठेवला. वकालतनामा मृत्यूने संपतो, पण शब्द दिलेला असतो तो पाळायचा राहतोच. बांसुरीही वकील. २०२४मध्ये त्या नवी दिल्लीतून लोकसभेत गेल्या.

आमदार-खासदारांनी वकिली करावी का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. लोकप्रतिनिधी हा पगारी नोकर नव्हे, त्यामुळे त्याला वकिलीची मनाई नाही, असा निकाल २०१८मध्ये लागला. एका माणसाच्या खांद्यावर दोन वकालतनामे असू शकतात, एक अशिलाचा आणि एक मतदारसंघाचा. फरक एवढाच की, दुसऱ्यावर सही करणारे लाखो असतात आणि पाच वर्षं त्यांना तो परत मागता येत नाही.

१९७७मध्ये मतदानाचं वय एकवीस होतं, १९८९पासून ते अठरा आहे. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहता येतं, पंचविसाव्या वर्षी विधानसभेला आणि लोकसभेला. तुमच्या घरात या वयाचं कोणी असेल, तर ‘अजून लहान आहेस’ म्हणून त्याला किंवा तिला गप्प बसवू नका. घटनेने त्यांना लहान मानलेलं नाही.