दासगावच्या बंदरात बोट: नेता भेटायला येतो, तो कुठल्या रस्त्याने येतो?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, काही 'म्हणजे' आणि 'तर' तेवढे काढलेत.

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. डिसेंबर १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मुंबईहून महाडला जायचंय. सोबत दोनशेच्या आसपास माणसं. जवळचा रस्ता आहे धरमतरचा, म्हणजे लाँचने धरमतर आणि तिथून मोटारीने महाड. पण ते तिकडून गेले नाहीत. समुद्रातून लांबचा फेरा घेऊन, वाटेत एक रात्र काढून, सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरले. दासगावपासून महाड पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. तेही चालत. का?

थांबा, लगेच उत्तर नाही देत. आधी जरा मागे जाऊ.

एखाद्या संस्थेचा प्रमुख आपल्या गावोगावच्या लोकांना भेटायला निघतो, यात आपल्याला काही नवल वाटत नाही. रोटरीचे प्रांतपाल वर्षभरात आपल्या प्रांतातल्या एकेका क्लबला जाऊन येतात. फ्रीमेसन मंडळींचे ग्रँड मास्टर लॉजना भेटी देतात. इतकं लांब कशाला, आपल्या गावाचं जे 'मुंबई मंडळ' असतं, त्याचे अध्यक्ष शिमग्याला गावी येतात तोही दौराच की! हार, शाल, नारळ, फोटो, जेवण आणि संध्याकाळी परत. प्रवास कसा झाला हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर 'हायवेला खड्डे फार' एवढंच.

बाबासाहेबांच्या बाबतीत मात्र प्रवास हाच अर्धा विषय होता. नेता म्हणून ते ज्यांना भेटायला जायचे आणि जे त्यांना बोलवायचे, त्या दोघांनाही रस्ता मोकळा नव्हता. गाडीवान, टांगेवाला, मोटारवाला, पाणी, रात्रीचा निवारा, प्रत्येक ठिकाणी 'हा बसेल का, आपण बसवायचं का' हा प्रश्न उभा राहायचा.

आता दासगाव. मुंबई-गोवा हायवेने जाताना महाडच्या थोडं अलीकडे लागतं, बहुतेकांच्या खिडकीतून निसटून जातं. एकेकाळी मात्र हे नावाजलेलं बंदर होतं. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर, महाड करत बाणकोट-हरिहरेश्वरपाशी समुद्राला मिळते. भरतीचं पाणी खाडीतून आत दूरवर येतं आणि जरा मोठी बोट सरळ दासगावपर्यंत यायची. पुढे महाडकडे पात्र उथळ होत जातं. म्हणून महाडला येणारा माणूस आणि माल दासगावला उतरायचा.

या टापूत महार समाजातल्या कित्येक घरांतले पुरुष इंग्रजांच्या पलटणीत होते. निवृत्त होऊन पेन्शन घेऊन ते गावी परतायचे. लिहिता-वाचता येणारे, जग बघितलेले हवालदार, सुभेदार. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांच्यातलेच. पलटणीतून बाहेर पडल्यावर त्यांनी दापोलीला 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' काढली, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं आणि कोकणात फिरून लोकांना जागं करत राहिले. पुढे सरकारने महार भरती थांबवली, आणि या भागाची एक मोठी शिडीच काढून घेतली गेली.

दासगावचे आणखी एक नाव लक्षात ठेवा: रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे आर. बी. मोरे. हुशार पोरगा, स्कॉलरशिप मिळवलेला. तरी महाडच्या इंग्रजी शाळेत त्याला घेईनात, कारण जात. पोराने गप्प न बसता वर्तमानपत्रात तक्रार छापून आणली. वय बघा, शाळकरी! पुढे याच मोऱ्यांनी मुंबईत बाबासाहेबांची भेट घेतली आणि 'महाडला या' म्हणून पिच्छा पुरवला. म्हणजे महाडचा कार्यक्रम मुंबईत ठरला आणि गावावर आला असं झालं नाही. गावच्या पोरांनी नेत्याला खेचून आणलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपण इतिहास वाचताना भाषण करणाऱ्याकडे बघतो, निमंत्रण घेऊन जिने चढणाऱ्याकडे बघत नाही.

बाबासाहेबांची मुंबईतली संस्था होती बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२४ सालची. तिच्या गावोगाव पाट्या लावलेल्या शाखा होत्या असं डोळ्यांसमोर आणू नका. गावाकडचे पेन्शनर, मुंबईत गिरण्या-गोदीत राबणारे त्यांचे पोरगे-पुतणे, चाळीतली खोली, सुट्टीत गावी नेलेला निरोप, ही तिची खरी वीण. जोडीला काही सवर्ण साथीदारही होते: अनंतराव चित्रे, गं. नी. सहस्रबुद्धे, महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस.

मार्च १९२७ मध्ये, १९ आणि २० तारखेला, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद झाली. (रायगड जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, १९८१ ला बदललं.) परिषदेला आलेल्या लोकांना प्यायला पाणी हवं. गावात तळं आहे, चवदार तळं. ते अस्पृश्यांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेनेच १९२४ साली केलेला. त्याच्या आधी १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झालेला. कागदावर सगळं मोकळं. आणि प्रत्यक्षात? परिषदेसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. १९२७ चे ४० रुपये!

२० मार्चला बाबासाहेबांच्या पाठोपाठ लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले. ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतरचं कमी सांगितलं जातं. गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मग मंडपात जेवत असलेल्या माणसांवर लाठ्याकाठ्या घेऊन हल्ला झाला. आणि तेवढ्यावर थांबलं नाही. परत आपापल्या गावी निघालेल्या माणसांना वाटेत गाठून मारलं गेलं. आसपासच्या गावांत तसे निरोप गेले होते.

इथे जरा थांबून विचार करा. नेता आला, भाषण झालं, पाणी प्यायलं. नेत्याला मुंबई आहे. पण जो माणूस एकटा, संध्याकाळच्या वेळी, डोंगरातल्या पायवाटेने घरी चाललाय, त्याला उद्याही त्याच गावात राहायचंय. किंमत त्याने मोजली.

म्हणून डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला जायचं ठरलं तेव्हा 'कसं जायचं' हा साधा टाइमटेबलचा प्रश्न राहिला नव्हता.

आता धरमतरच्या रस्त्याकडे येऊ. धरमतरपासून महाड शंभरेक किलोमीटर. हा पल्ला पूर्णपणे खाजगी मोटारवाल्यांच्या हातात. त्यांनी ऐनवेळी सांगितलं, 'तुम्हाला नाही नेणार,' तर? दोनशे माणसं, सामान, आणि परिषद उद्यावर. शंभर किलोमीटर चालणार कसे? दासगावच्या रस्त्याने गेलं तर दुसऱ्याच्या मर्जीवर काही सोडायचंच नाही. बोट आपल्याला दासगावला सोडते, पुढचे पाच मैल आपले पाय आहेत. बाबासाहेबांनी स्वतःच या प्रसंगाबद्दल लिहिताना हे कारण दिलंय.

कोणी म्हणेल, जरा जास्तच धसका घेतला. तर दोन प्रसंग ऐका, दोन्ही 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आठवणींमध्ये आहेत. पुस्तक चाळीस-पन्नास पानांच्या आतलं आहे, फोनवर एका बैठकीत वाचून होतं.

पहिला, १९०१ चा. दहा वर्षांचा भीमराव, भाऊ आणि भाचे यांच्यासोबत वडिलांकडे निघालेला. मसूर स्टेशनवर उतरले. नवे कपडे, छान पोरं. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि सगळं बदललं. बैलगाडीवाला यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर ठरलं, आणि अट काय? गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार! रात्रभरात प्यायला पाणीसुद्धा मिळालं नाही.

दुसरा १९२९ चा, म्हणजे महाडनंतर दोन वर्षांनी. आता ते बॅरिस्टर आहेत, सरकारच्या चौकशी समितीचे सभासद आहेत. धुळ्याहून मुंबईला परतताना चाळीसगावला गाडी बदलायची होती. तिथले महार लोक स्टेशनवर आले, एक रात्र आमच्यात राहाच म्हणाले. ते थांबले. वस्ती चालत जाण्यासारखी होती, पण पाहुण्याला चालत न्यायचं हे मंडळींना कमीपणाचं वाटलं. टांगा हवा. टांगेवाले महाराला घेऊन टांगा हाकायला तयार नाहीत. तोडगा ओळखा! टांगा भाड्याने, हाकणार वस्तीतलाच एक जण, ज्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरसबंदी पुलावर चाक अडकलं, घोडा-टांगा खाली गेला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. पायाचं हाड मोडलं.

मसूर आणि चाळीसगावमध्ये अठ्ठावीस वर्षं. मधे कोलंबिया, लंडन, डॉक्टरेट, वकिली. आणि अट तीच: गाडी घ्या, पण हाकायची तुम्ही. मला चाळीसगावच्या त्या माणसांचा राग येत नाही. त्यांनी काय केलं? पाहुण्याचा मान राखायचा म्हणून स्वतःच्या खिशातून टांगा केला. घोळ झाला तो दुसऱ्यांमुळे.

असो. परत डिसेंबर १९२७.

२४ तारखेला 'पद्मावती' बोटीने मंडळी मुंबईहून निघाली. रात्री हरिहरेश्वरला मुक्काम. सकाळी खाडीतून पुढे, आणि २५ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमाराला दासगाव. बंदरावर तीन हजारांहून जास्त सत्याग्रही वाट बघत उभे. मार्चमध्ये मार खाऊन घरी गेलेल्या याच मुलखातून नऊ महिन्यांनी एवढे लोक परत आले होते. गर्दीत जिल्ह्याचे पोलीस सुपरिंटेंडंट फॅरंट हेही होते. त्यांच्या हातात कलेक्टर हूड यांचं पत्र: आधी मला येऊन भेटा.

पत्रामागचं कारण असं. महाडच्या काही सवर्णांनी तळं खाजगी असल्याचा दावा लावला होता आणि १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. म्हणजे तळ्यावर गेलात तर कायदा मोडलात.

मग बाबासाहेब आणि सहस्रबुद्धे मोटारीने कलेक्टरला भेटायला पुढे गेले. गंमत बघा, ज्या नेत्याने मोटारवाल्यांच्या भरवशावर राहायचं नाही म्हणून एवढा फेरा घेतला, त्याला शेवटचे पाच मैल मोटारच न्यायला आली, कारण आता सरकारला त्याची गरज होती. बाकीचे हजारो लोक रांगा करून, घोषणा देत, भर दुपारी महाडपर्यंत चालत गेले. गावातून मार्चमध्ये एकेकटं पळावं लागलं होतं, तिथे आता मोर्चाने शिरले.

महाडमध्ये व्यापाऱ्यांनी बहिष्कार टाकलेला. धान्य बाहेरून आणावं लागलं. परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली, तिथे मंडप पडला. व्यवस्था बघायला सावडकर सुभेदार, म्हणजे परत तेच, पेन्शनर फौजी. अनंतराव चित्रे आधीपासून महाडमध्ये ठाण मांडून होते. त्याच रात्री मंडपासमोर मनुस्मृती जाळली गेली, ठराव सहस्रबुद्ध्यांनी मांडला होता.

पुढचे दोन दिवस खल चालला, तळ्यावर जायचं की नाही. जमलेल्यांपैकी बहुतेकांची तयारी तुरुंगात जायची. खुद्द कलेक्टर मंडपात येऊन बोलून गेले. शेवटी २७ तारखेला सत्याग्रह पुढे ढकलायचा निर्णय झाला. भांडण तळ्याच्या मालकीचं कोर्टात आहे, सरकारशी नाही, तेव्हा निकालाची वाट बघू, असा विचार. हा निर्णय बरोबर होता का यावर आजही दोन मतं आहेत. आलेल्या माणसांपैकी कित्येकांना तो गिळायला जड गेला असणार, ते उघड आहे. तरी मोर्चा निघाला, शहरातून, तळ्याच्या बाजूने फिरला, पाण्याला हात न लावता परत आला.

तो दावा दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, तळ्यावर अस्पृश्यांना बंदी घालण्याचा दावा फेटाळला गेला.

दासगावचे मोरे पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, 'जीवनमार्ग' हे साप्ताहिक त्यांनी सुरू केलं, आणि बाबासाहेबांशी असलेलं नातंही जपलं. त्यांचं आत्मचरित्र मराठीत आहे, मिळवून वाचा.

कोणाला हा रस्ता स्वतः बघायचा असेल तर कोकण रेल्वेने वीर स्टेशनला उतरा, दासगाव तिथून जवळ आहे. खाडीकाठी जा. बोट आता येत नाही. तिथून महाडच्या चवदार तळ्यापर्यंत चालत दोन तास लागतील, वाटेत गांधारपाल्याची लेणी दिसतात. हायवेवर ट्रक सुसाट असतात, तेव्हा कडेने चाला आणि पाण्याची बाटली भरून घ्या. चवदार तळ्याच्या त्या दहा वर्षांच्या दाव्यात नेमकं काय काय झालं, कोणी काय साक्ष दिली, ते पुढच्या भागात.