आधी चार पावले टाकून पाहा

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजच्या मैदानावर पावसाळ्यात चेंडूमागे धावताना एखाद्या पोराचा पाय मुरगळतो आणि बघता बघता बाहेरच्या घोट्यापुढे लिंबाएवढी सूज येते. भोवती जमलेल्यांपैकी कुणी अंगठा धरून पाय ओढतो, कुणी गरम तेल चोळायला बसतो. माया खरी असते. पण नेमके हेच तेव्हा करू नये.

पाऊल आत वळले की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा, हाडांना हाडांशी बांधणारा अस्थिबंध ताणतो किंवा फाटतो. बारीक रक्तवाहिन्या तुटतात. पहिले दोन-तीन दिवस चोळले वा शेकले, तर आतला रक्तस्राव आणि सूज वाढू शकते.

मग हाड मोडले नाही हे कसे ओळखायचे? कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे नियम मांडले. लंगडत का होईना, पण लगेच आणि पुढे दवाखान्यातही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. घोट्याच्या उंचवट्याचे टोक किंवा त्याची मागची कड दाबल्यावर हाडच दुखत असेल, तरीही काढावा. बोटे बधिर किंवा गार पडली असतील, तर सकाळची वाट न पाहता हुबळीचे 'किम्स' या नावाने ओळखले जाणारे सरकारी रुग्णालय किंवा जवळचे दुसरे मोठे रुग्णालय गाठावे.

हाड शाबूत असेल, तर क्रेप बँडेज बांधून पाय उशीवर उंच ठेवावा. बर्फाची गोष्ट मात्र बदलली आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हा मंत्र १९७८ मध्ये रूढ करणारे अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनीच पुढे सांगितले, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती भरून येण्याला उशीर लावू शकतात. सुजेबरोबर येणाऱ्या पेशीच दुरुस्तीला हात घालतात. ठणका असह्य असेल, तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावायला हरकत नाही. दुखणे उतरू लागले, की झेपेल तेवढे चालावे. नवे तंतू ताण मिळाला तरच योग्य दिशेने बसतात. नंतर एका पायावर उभे राहण्याचा सराव केला, तर तोच घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता घटते.

सगळ्याच दुखापती अशा क्षणात होत नाहीत. हुबळीच्या खानावळीत ज्वारीच्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या हाताला तोच आजार गाठू शकतो, ज्याने २००४ मध्ये सचिन तेंडुलकरला मैदानाबाहेर बसवले: टेनिस एल्बो. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथली कंडरा झिजते. तळवा खाली ठेवून भरलेला तांब्या उचलताना तिथे कळ आली, तर ही शंका घ्यावी. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरे वाटते, पण दुखणे उलटण्याचे प्रमाण त्यात जास्त असते. त्यापेक्षा थापण्याचे काम वाटून घ्यावे आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकावा: हात टेबलावर टेकवून, पाण्याची बाटली धरलेले मनगट अगदी सावकाश खाली सोडायचे. आराम पडायला महिने लागतात, आणि हे बाईला पहिल्याच दिवशी सांगायला हवे. नाहीतर आठवड्याभरात व्यायाम सुटतो.