लिपिडे व अल्कोहॉल

पाण्यात न विरघळणाऱ्या, परंतु ईथर, क्लोरोफॉर्म इ. कार्बनी विद्रावकांत विरघळणाऱ्या जैव पदार्थांना लिपिडे म्हणतात. वसा, तेले, मेणे, फॉस्फोलिपिडे, कोलेस्टेरॉल इत्यादींचा त्यांत समावेश होतो. व्यवहारात अल्कोहॉल म्हणजे मद्यातील एथिल अल्कोहॉल असे समजले जाते. रसायनशास्त्रात मात्र हे हायड्रॉक्सिल गट असलेल्या संयुगांच्या एका मोठ्या वर्गाचे नाव आहे. ग्लिसरॉल व कोलेस्टेरॉल हीही त्या वर्गातच मोडतात.

रासायनिक संबंध : वसा व तेले ही ग्लिसरॉल हे अल्कोहॉल आणि वसाम्ले यांपासून बनलेली एस्टरे (ट्रायग्लिसराइडे) होत. त्यांची ही घडण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल शव्ह्रल यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्पष्ट केली. सोलापूर जिल्ह्यातील वळसंगच्या परिसरासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात परंपरेने रब्बी हंगामात करडई घेतात. तिच्या सामान्य वाणांच्या तेलातील वसाम्लांत लिनोलीइक अम्ल सु. ७५% असते. जिल्ह्याच्या बागायती भागातील उसापासून साखर काढल्यावर उरणारी मळी किण्वनाने (आंबविण्याच्या क्रियेने) एथिल अल्कोहॉल देते. करडईचे तेल थंड अल्कोहॉलात फारसे विरघळत नाही. एरंडेल मात्र विरघळते, कारण त्यातील रिसिनोलीइक अम्लात हायड्रॉक्सिल गट असतो. क्षाराच्या सान्निध्यात तेलाची मिथिल अल्कोहॉलाशी विक्रिया केल्यास ग्लिसरॉल मुक्त होते व वसाम्लांची मिथिल एस्टरे मिळतात. हेच जैव डीझेल होय.

शरीरातील संबंध : प्यालेल्या एथिल अल्कोहॉलाचे ऑक्सिडीभवन मुख्यतः यकृतात होते. त्यापासून प्रथम ॲसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ व नंतर ॲसिटेट बनते. १ ग्रॅ. अल्कोहॉलापासून सु. ७ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. मद्याचीच थेट चरबी होते, ही समजूत बरोबर नाही. अल्कोहॉलाचा अगदी अल्प भागच वसेत रूपांतरित होतो. ऑक्सिडीभवनात हायड्रोजन वाहून नेणाऱ्या सहएंझाइमाचे क्षपित रूप यकृतात साचते. त्यामुळे वसाम्लांचे ज्वलन मंदावते, ट्रायग्लिसराइडांची निर्मिती वाढते व यकृताच्या कोशिकांत वसेचे थेंब साठतात. या अवस्थेला वसायुक्त यकृत म्हणतात.

या अवस्थेत बहुधा कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. मद्यपान पूर्ण थांबविल्यास साठलेली वसा सामान्यतः काही आठवड्यांत नाहीशी होते; ते चालू राहिल्यास काही व्यक्तींत यकृतशोथ व पुढे यकृत-सूत्रण रोग उद्‌भवतो. सूत्रण पूर्णपणे भरून येणे दुर्मिळ असते. अतिमद्यपानाने रक्तातील ट्रायग्लिसराइडे वाढतात. ती फारच वाढल्यास अग्निपिंडाचा तीव्र शोथ होण्याचा संभव असतो. मद्याने उच्च घनतेच्या लिपोप्रथिनांचे (तथाकथित ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलाचे) प्रमाणही वाढते. तथापि या वाढीमुळे हृदयविकारापासून संरक्षण मिळते, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून औषध म्हणून मद्य घेणे समर्थनीय ठरत नाही.