खांदेरीचा दिवा

मुलांनो, उजनीच्या पाण्यावरून दिवेलागणीला होडीतून कधी आला आहात का? इंदापूरकडच्या पोरांना सांगायला नको. अंधार पडला की काठ कुठं, काही उमगत नाही. मग काठावरच्या घरात दिवा दिसला की नावाडी तिकडं होडी वळवतो. समुद्रात असाच दिवा लागतो, फक्त पुष्कळ मोठा. त्याचं घर म्हणजे दीपगृह.

असं एक जुनं दीपगृह अलिबागजवळच्या थळ गावासमोर, खांदेरी बेटावर आहे. पण गंमत अशी, की हे बेट मराठ्यांनी राखलं ते अंधाराच्या जोरावर!

गोष्ट १६७९ ची. शिवाजी महाराजांनी इथं किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी काम पाहत होते. मुंबईचे इंग्रज हबकले. आपल्या दारातच मराठ्यांचं ठाणं! त्यांनी जहाजं आणून वाट अडवली. आता बेटावर धान्य आणि माणसं न्यायची कशी? मराठ्यांच्या होड्या लहान, हलक्या, उथळ पाण्यातून सहज जाणाऱ्या. रात्री त्या गुपचूप निघत. इंग्रजांची मोठी जहाजं मात्र वारा पडला की जागच्या जागी! ऑक्टोबरात मराठ्यांचं आरमार चालून आलं आणि त्यांनी इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं जहाजच पकडलं. शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. सिद्दीनं मात्र शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. (खांदेरी-उंदेरी! वर्गात ही नावं घेतली की पोरं हसतातच.)

१८१८ मध्ये मराठी राज्य गेलं आणि बेट इंग्रजांकडे आलं. मुंबईचा व्यापार वाढला, जहाजं वाढली. भरतीच्या पाण्यात दडलेले खडक रात्री दिसणार कसे? म्हणून १८६७ साली इथं अष्टकोनी मनोरा उभा राहिला.

एवढासा दिवा लांबवर दिसतो कसा? फ्रान्सच्या फ्रेनेल या शास्त्रज्ञानं १८२२ च्या सुमारास एक युक्ती काढली. दिव्याभोवती काचेच्या कंगोरेदार चकत्या बसवल्या, की चहूकडे विखुरणारा उजेड एकाच दिशेला वळतो. भिंग फिरलं, की लांबून दिवा लुकलुकताना दिसतो. प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी. ती मोजून खलाशी ओळखतो, की आपण कुठं आहोत. पूर्वी तेलाचे दिवे असत आणि भिंग फिरवणाऱ्या यंत्राला माणूस रात्री उठून किल्ली देई. त्याची झोप मोडायची, म्हणून इतरांची जहाजं वाचायची.

आता या बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारशाच्या यादीतही आला. पावसाळा संपला, की थळहून होडीनं जाता येतं. तिथं वेताळाचं देऊळ आहे, आणि एक मोठा दगडही. त्यावर छोट्या दगडानं ठोका, भांडं वाजवल्यासारखा आवाज येतो!