आजोबांच्या खोलीतला वास

पुढे पेढी आणि मागे-वर बिऱ्हाड, अशी रचना असलेली घरे आपल्या समाजात अजूनही पुष्कळ आहेत. अशा घरात वृद्धांच्या वाट्याला बहुधा पेढीमागची खोली येते. जिना चढावा लागू नये, न्हाणीघर जवळ असावे, हा हेतू चांगलाच असतो. पण तिची खिडकी बोळात उघडते, ऊन येत नाही आणि श्रावणात त्या खोलीला एक वास धरतो. तो कोणी बोलून दाखवीत नाही. नातवंडे उंबरठ्यावरूनच ‘जय जिनेंद्र’ करून पळतात, पाहुण्यांची बैठक दिवाणखान्यातच उरकते, आणि आपल्याकडचे येणे-जाणे का कमी झाले हे पलंगावरच्या माणसाला कळत नाही. वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते. शिवाय सतत येणाऱ्या वासाची नाकाला काही मिनिटांतच सवय होते. त्यांना तो खरोखरच जाणवत नसतो.

यावर सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय म्हणजे उदबत्ती. तिने वास जात नाही, दोन वास एकत्र होतात, आणि दमेकऱ्याचा खोकला वाढतो. सुगंधी फवाऱ्यांचेही तेच. घरात कोणाची अठ्ठाई चालू असेल तर उग्र सुगंधाने तपस्व्याला किती मळमळते, हे पर्युषणात ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगणे नको.

मूळ बहुधा गादीत असते. कापूस घाम आणि मूत्राचा अंश शोषून घेतो. पाणी सुकते, क्षार मागे राहतात. हवा दमट झाली की तेच पुन्हा ओलावा धरतात आणि उन्हाळ्यात गेलेला वास परत येतो. डाग ताजा असेल तर कोरड्या फडक्याने दाबून टिपावा, थोड्या गाळलेल्या गार पाण्याने पुसावा, वर खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवावा व सकाळी झटकावा. जुन्या डागाला लिंबूसत्त्वाचे सौम्य पाणी चालते. मात्र अशा कामात ब्लीचिंग पावडर आणि कोणतेही आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. पलंगपोसाखाली मेणकापड घालावे. गादी फारच जुनी असेल, तर पिंजाऱ्याकडे देण्यापेक्षा नवी करणे बरे. वर्षातून एकदा तिजोरीला रंग देणारे आपण इथे काटकसर का करतो, हे मला उमगलेले नाही.

दुसरे कारण ओल. फडताळ भिंतीला चिकटून असेल तर मागे हवा खेळत नाही आणि बुरशी धरते. इथे आपला प्रश्न केवळ स्वच्छतेचा उरत नाही. इरियावहियं सूत्रात ज्या जीवांच्या विराधनेची क्षमा मागतो, त्यांत ‘पणग’ म्हणजे फूलणही आहे. एकदा ती आली की पुसणे हीच विराधना. म्हणून यतना आधीच करावी लागते. फडताळ चार बोटे पुढे ओढावे, ओले टॉवेल खोलीत वाळत घालू नयेत, पाऊस उघडताच समोरासमोरची दारे-खिडक्या उघडाव्यात. मल-मूत्रादी अशुची दोन घटिकांपेक्षा, म्हणजे ४८ मिनिटांपेक्षा अधिक साचू देऊ नये, ही आपली परंपरा आजाऱ्याच्या खोलीत अक्षरशः पाळली तर निम्मे काम होते.

आता एक नाजूक गोष्ट. चौविहार करणारे अनेक वृद्ध रात्री उठावे लागू नये म्हणून दिवसाही पाणी तोडतात. मूत्र दाट होते आणि त्याचा वास उग्र येतो. वैद्यकीय मनाई नसेल तर सकाळपासून सूर्यास्तापर्यंत थोडे थोडे पाणी हातात द्यावे. वास अचानक बदलला, सोबत जळजळ, ताप किंवा बोलण्यात भ्रम दिसला, तर खोली नव्हे, डॉक्टर गाठावा. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो.

सर्व कुटुंब शिखरजीला जाऊन आल्यावर बंद खोलीत गटाराचा वास येतो, तो बहुधा न्हाणीच्या जाळीतून. आतल्या वळणात साचून राहणारे पाणी सुकले की वायू वर येतात. दोन तांबे पाणी ओतले की तो थांबतो. डांबरगोळ्या मात्र घरात नकोतच. त्यांच्या वाफेने कीटक मरतात, आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटून जिवावर बेतू शकते. कपड्यांत लवंगांची पुरचुंडी ठेवावी व त्यांची पडिलेहण करावी.

राहता राहिले सांगायचे कसे. वासाचा शब्द तोंडातून काढू नये. “बापूजी, गादीला ऊन दाखवायचे आहे, तोवर पेढीवर बसता का?” असे विचारावे. गिऱ्हाईक आले की ते आपोआप भाव सांगू लागतात.