भरलेली दाढ टिकते कशी, निघते कशाने?

विहारातल्या आरोग्य शिबिरात आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येतं : “दाढेत भरलेलं सिमेंट दोन महिन्यांत निघालं, आता दाढ काढूनच टाकते.” ताई, काढण्याआधी ते दाताला धरतं कसं, एवढं समजून घ्या.

पूर्वी सर्रास चांदी भरत. चांदी आपणहून दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून आत रुंद, तोंडाशी अरुंद असा खड्डा कोरावा लागे आणि त्यात चांगला दातही जाई. १९५५ साली अमेरिकेतले दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी वेगळी वाट दाखवली. दाताच्या वरच्या टणक थराला, म्हणजे इनॅमलला, त्यांनी आधी आम्ल लावलं. आम्लाने डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. त्यांत पातळ चिकट द्रव्य झिरपतं, आणि घट्ट झालं की मुळं धरल्यासारखं रुतून बसतं. त्यावर दाताच्या रंगाचा मसाला भरतात. आज ते घट्ट करायला निळा दिवा असतो. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही, आधी टाचे मारावे लागतात, हे आपल्या गवंड्यांना सांगायला नको.

इनॅमलखालचा थर, डेंटिन, मात्र ओलसर आणि तंतूंचा. आम्लानंतर तो फार सुकवला तर तंतू चिकटून बसतात, द्रव्य आत शिरत नाही. फार ओला राहिला तरी पकड ढिली. म्हणून हे काम घाईचं नाही.

सगळ्यात मोठा घात करते लाळ. तयार केलेल्या जागेवर ती पसरली की छिद्रं बुजतात. डॉक्टर गालात कापूस ठेवतात, तोंड मिटू नका म्हणतात, ते यासाठी. लाळ गेल्यासारखी वाटली तर हात वर करा. डॉक्टर ओरडतील म्हणून आपल्या बाया गप्प बसतात, आणि मग दाढ जाते! जागा धुऊन पुन्हा तयार करता येते.

ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट दातातल्या कॅल्शियमला स्वतःच धरतं. लहान मुलांच्या दातांना ते सोयीचं. चावण्याच्या जागी मात्र लवकर झिजतं.

भरलेलं निघालं तर खड्ड्यात तंबाखू, मिश्री कोंबू नका. कीड नसेपर्यंत पोचायच्या आत गेलात तर दाढ बहुधा पुन्हा भरता येते. मुंबई, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे खासगीपेक्षा खर्च कमी येतो. मजुरीचा एक खाडा पडेल, तो धरूनच निघा.